रांजणातला रियाज

सोलापूर, शुक्रवार पेठ
ता. १४ सप्टेंबर १९२८

जगदेवी,

तू आणि दाजी खुशाल आहात असं मीच धरून चालतो, कारण तुझं पत्र नाही. त्यांच्या भुसाराच्या दुकानात शाईसुद्धा मापानं मिळते की काय? पण बातमी मोठी आहे, म्हणून रागवायला सवड नाही.

संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेच्या सुमाराला रेकॉर्डच्या कंपनीची माणसं मुंबईहून इथे येणार आहेत. गाणारे बोलावून त्यांची गाणी तबकडीवर भरून नेणार. त्यांचा एजंट परवा कल्लप्पाच्या हॉटेलात बसला होता. कल्लप्पाकडे तबकड्या वाजवायचा फोनो आहे, त्यामुळे असली माणसं तिथेच जमतात. मी तुझं नाव दिलं. तुला विचारलं नाही, देऊनच टाकलं.

आता कपाळाला आठ्या घालू नकोस, पुढचं वाच. अव्वाचा दुसरा डोळाही गेला. यंदा पंचमीला तू आली नाहीस म्हणून तुला कळलं नाही, आणि मी कळवलं नाही, कारण तू रडत पहिल्या गाडीत बसली असतीस आणि तुझ्या सासूनं मला शिव्या दिल्या असत्या. अव्वा आता आवाजावरून माणूस ओळखते. मी खोकलो की मी, माझी बायको सुंदरम्मा भांडी आपटायला लागली की सुंदरम्मा. संध्याकाळी दाराशी बसते आणि विचारते, "जगदेवी आली का? आली असंल तर पाळणा म्हणायला सांगा की एकदा." आईनंच लेकीला शिकवलेला पाळणा. म्हातारी आता स्वतःच लेकरू झाली आहे, आणि तिला तो तुझ्याच तोंडून पाहिजे. तू येणार वर्षाला एकदा. तबकडी झाली तर तू रोज दिवेलागणीला घरात असशील. मला एवढंच पाहिजे. तबकडीवर पेटीवाला म्हणून माझं नाव छापलं तर मी काही डोळे मिटून घेणार नाही, पण ती पुढची गोष्ट.

आता काम. सोळा साली मी गाणाऱ्या बुवांच्या मागे पेटी वाजवायला मुंबईला गेलो होतो, हे तुला माहीत आहे. (सुंदरम्मा म्हणते, ते आता वेशीतल्या कुत्र्यालाही माहीत आहे.) म्हणून सांगतो ते नीट ऐक. कंपनीचं यंत्र कानानं ऐकत नाही, धक्क्यानं ऐकतं. भिंतीतून एक मोठा कर्णा बाहेर आलेला असतो. त्यात तोंड घालायचं आणि जीव खाऊन गायचं. हळू गायलं तर मेणाच्या तबकडीवर सुईचा ओरखडासुद्धा उठत नाही. बुवांसारखे बुवा, त्यांच्याही मानेच्या शिरा फुगल्या होत्या. तुझा आवाज गोड आहे, पण गोडाला काय चाटायचंय? तू पाळणा म्हणतेस तो शेजारच्या खोलीत ऐकू येत नाही. तो कर्ण्यात घातला तर वाटेतच मरेल.

दाजींच्या वखारीत जोंधळ्याचे रिकामे रांजण पडलेले असतात. त्यातला एक आडवा करून तोंडाच्या उंचीला विटांवर ठेव. आत तोंड घालून पाळणा म्हण, सकाळी आणि संध्याकाळी. रांजण घुमला पाहिजे. वरच्या सुराला मान मागे घ्यायची, खालच्या सुराला आत घालायची. गाणं तीन मिनिटांत बसवायचं, म्हणून पळवायचं. शेवटी मोठ्यानं आपलं नाव सांगायचं, म्हणजे छापणाऱ्यांचा घोटाळा होत नाही. चुकलीस तरी भिऊ नकोस, तबकड्या कलकत्त्याला छापतात, तिथे चुका पुसून काढतात.

अव्वाला मी सांगून टाकलं आहे. ती गल्लीभर सांगत सुटली आहे. आता मागे फिरायचं नाही.

तुझा भाऊ
गुरुसिद्धप्पा

ता. २ नोव्हेंबर १९२८

जगदेवी,

पत्र पोचलं. एवढं रडगाणं लिहायला शाई कुठून आली?

शेजारच्या बाया हसतात म्हणतेस. हसू देत. तबकडी वाजायला लागली की त्याच बाया दळण सोडून ऐकायला येतील. रांजणात धान्याचा कुबट वास येतो म्हणतेस, मग धुऊन घे, हे काय मी सोलापुरातून येऊन करायचं? आणि दाजी म्हणाले की मी उंटावरून शेळ्या हाकतो. त्यांना सांग, शेळी माझीच बहीण आहे आणि उंट मुंबई बघून आलेला आहे.

तू विचारलंस, "अण्णा, अव्वाला म्हणते तसा हळूच म्हटला तर न्हाई का चालणार?" नाही चालणार. तुला वाटतं यंत्र म्हणजे अव्वा. अव्वाला माया आहे, ती कान लावून ऐकते. यंत्राला कुठली माया? पाळणा असो की पोवाडा, त्याला जोर लागतो. गाताना घसा बसतो म्हणतेस, म्हणजे तू अजून घशातूनच गातेस. बेंबीपासून गा. सकाळी मिरी आणि खडीसाखर तोंडात धर.

मी इथे स्वस्थ बसलेलो नाही. पेटी आहे, तबला ठरवला, सारंगी बघतो आहे, आणि कल्लप्पाचा भाऊ झांजा घेऊन येतो म्हणाला. चारदोन वाद्यं जास्त असली की गाणं भरल्यासारखं वाटतं. सुंदरम्मा म्हणाली, "पाळण्याला झांजा? लेकरू निजवायचं हाय की उठवायचं?" बायकांना यातलं काय कळतं!

अव्वा बरी आहे. काल तिनं मला विचारलं की तबकडीत तू श्वास घेतलेला ऐकू येतो का. मी म्हणालो, येतो की. तिला फार बरं वाटलं.

गुरुसिद्धप्पा

ता. ११ डिसेंबर १९२८

जगदेवी,

तुझं पत्र आणि दाजींचं, दोन्ही एका दिवशी आली. दाजींचं आधी वाचलं, हे चुकलं. ते लिहितात, "बायको घरात हाय की वखारीत बैल बांधलाय, ह्ये मला समजंना झालंय. गिऱ्हाईक दारातनं परत चाललंय. तुमी तिला थांबवा, न्हाईतर मी रांजण फोडतो." त्यांना म्हणावं फोडा, पण जत्रेनंतर. महिनाभर तर राहिला.

आता तुझं. थुंकीत लाल धागा दिसला म्हणून तू एवढी घाबरलीस? पहिलवान पहिल्यांदा आखाड्यात उतरतो तेव्हा त्याचं अंग दुखत नाही का? घसा फुटतो आहे म्हणजे खुलतो आहे. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे अव्वा आपल्याला लहानपणापासून सांगत आली. आवाज जाड झाला म्हणतेस, ती तर आनंदाची गोष्ट आहे, कर्ण्याला जाडच आवाज लागतो. सकाळी बोलताना तोंडातून नुसती हवा येते, ते थंडीमुळे. थंडी तुमच्या जेऊरला जास्तच.

सुंदरम्मा मागे लागली म्हणून वैद्यांना विचारून आलो. ते काय म्हणाले ते तू आल्यावर सांगेन. त्यात विशेष काही नाही. वैद्य म्हटले की काहीतरी बोलणारच.

अव्वाला तुझ्या घशाचं काही कळवलेलं नाही, तूही कळवू नकोस. तिला थंडी बाधली आहे, जेवण कमी झालं आहे. पण पाळण्याचं नाव काढलं की उठून बसते. एवढ्यावर तरी थोडे दिवस सोस.

गुरुसिद्धप्पा

ता. २१ जानेवारी १९२९

जगदेवी,

तू कंपनीच्या खोलीतूनच परस्पर स्टेशनावर गेलीस. घर हाकेच्या अंतरावर होतं, अव्वा सकाळपासून नवं लुगडं नेसून बसली होती. मी तिला सांगितलं की तुझी गाडी चुकत होती. ती म्हणाली, "गाडी का थांबवंना कुणी?"

तुला माझा राग आला आहे, दाजींना तर आलाच आहे, टांग्यात बसताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पण मला एक सांग, कर्णा गेला हे मला कोण सांगणार होतं? बारा वर्षांत सगळं यंत्रच बदललं. दार उघडून आत गेलो आणि भिंतींवर घोंगड्या टांगलेल्या बघितल्या. मी म्हणालो, खोली घुमली पाहिजे, या घोंगड्या काढा. एजंट हसला. खांबावर तो विटेएवढा ठोकळा, आणि त्याच्यापासून हातभर लांब उभं राहायचं! ते म्हणे विजेवर चालतं, कुजबुजलेलंही धरतं. पेटी कोपऱ्यात नेऊन ठेवायला लावली, आणि सारंगी-झांजांना तर आतच येऊ दिलं नाही. आणि तुला तो काय म्हणाला? "बाई, लेकराला निजवताना घरी म्हणता तसं म्हणा. त्याहून मोठ्यानं नको."

तू माझ्याकडे बघितलंस. ते बघणं मला विसरता येत नाही, म्हणून रागानं लिहितो आहे. तुला सर्दी झाली होती हे खरं की नाही? गाडीत वारं लागलं असणार. नाहीतर पहिल्या ओळीलाच असा वारा का सुटावा घशातून? हळू म्हणायला गेलीस तर आवाज नाही, मोठ्यानं म्हणालीस तर सुई उडाली. दोन मेणं वाया गेली. तिसऱ्यावर निदान पाळणा पुरा झाला. तू नाव सांगितलंस तेव्हा एजंटनं कपाळाला हात लावला, आता म्हणे नाव सांगावं लागत नाही, कागदावर छापतात. मी म्हणालो, राहू दे, पुसून टाका कलकत्त्याला. तो म्हणाला, "मास्तर, मेणावर उठलं ते उठलं. पुसणारा कुणी नाही."

तू बाहेर गेल्यावर माझं आणि एजंटचं बोलणं झालं. तो म्हणाला, बघू. बाकी विशेष काही नाही.

दहाबारा दिवस तोंड बंद ठेव, गरम पाणी पी. आवाज येईल. जाऊन जाऊन जाणार कुठे?

गुरुसिद्धप्पा

ता. १७ मार्च १९२९

जगदेवी,

मी तीन पत्रं टाकली, तुझं एकही नाही. दाजींचं एक कार्ड आलं, त्यावर एकच ओळ होती: "ती आता पाटीवर लिहून बोलती."

मी ते कार्ड वाचून दुकानात जाऊन बसलो. गिऱ्हाईकाला कापड फाडून द्यायला घेतलं आणि वेडंवाकडं फाटलं.

वैद्य काय म्हणाले होते ते सुंदरम्मानं कुणाकडून तरी लिहवून घेऊन तुला पाठवलं, हे मला काल कळलं. मी तिच्यावर हात उगारला होता, पण खाली घेतला. तिनं खरं तेच कळवलं. थुंकीत रक्त आहे तर गाणं आजच्या आज थांबवा, नाहीतर बाईचा आवाज परत यायचा नाही, असं वैद्य म्हणाले होते. जत्रेला महिनाच राहिला होता. मला वाटलं, महिन्यात काय होतंय. आणि एजंटही नुसतं "बघू" म्हणाला नव्हता. त्यानं विचारलं होतं, "या बाईंचा घसा कुणी असा फाडला?" मी म्हणालो, जन्मापासून असाच आहे. तुझा आवाज जन्मापासून असा आहे असं मी एका परक्या माणसाला सांगितलं, जगदेवी.

कंपनीनं तबकडी विकायला काढली नाही. नमुना म्हणून एक पाठवली. ती मी ट्रंकेत लपवून ठेवणार होतो, पण अव्वाला पोस्टमनचा आवाज ओळखू येतो, आणि त्यानं दारातच सांगितलं की मुंबईचं पार्सल आलंय. मग काय करणार? कल्लप्पाचा फोनो आणला. गल्लीतल्या बाया जमल्या. अव्वानं पदर सारखा केला, जशी तूच समोर येऊन बसणार होतीस.

मी किल्ली दिली आणि सुई ठेवली.

अव्वा थोडा वेळ ऐकत राहिली. मग हात पुढे करून म्हणाली, "कोण वरडतंय गं? कुणाच्या घरात काय झालं?"

सुंदरम्मा म्हणाली, "अव्वा, जगदेवी हाय की. पाळणा म्हणतीया."

"माझी जगदेवी असं वरडंल? काय बोलती तू! बंद करा त्ये. कुणाचं तरी मयत झालंय, बंद करा."

मी सुई उचलायला गेलो, पण तेवढ्यात गाणं संपून ते शेवटचं आलं. "मी जगदेवी, सोलापूर." अव्वा भिंतीला सरकली. म्हणाली, "ही बाई माझ्या लेकीचं नाव का घेती? गुरुसिद्धा, हिला हाकल. माझ्या लेकीचं काय बरंवाईट झालंय का?"

त्या दिवसापासून तिला वाटतं की तू गेलीस आणि आम्ही लपवतो आहोत. जेवत नाही. रोज म्हणते, खरं सांगा. मी शपथ घेऊन सांगतो, तिला पटत नाही. माझ्या शपथेवर आता कुणी विश्वास ठेवावा तरी का?

तू ये. मला तोंड दाखवायचं नसेल तर मी दुकानात झोपेन, तू असेपर्यंत घरात पाऊल टाकणार नाही. पण तू ये आणि तिला शिवून सांग, मी आहे म्हणून.

गुरुसिद्धप्पा

ता. ९ जून १९२९

जगदेवी,

तू जेऊरला पोचल्याचं कुर्डुवाडीच्या एका व्यापाऱ्याकडून कळलं. तू कळवणार नव्हतीसच. या पत्राला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच, कारण तू गेल्यावर जे झालं ते तुला कळायला पाहिजे.

तू आलीस त्या दिवशी मी दारातच होतो. दुकानात झोपतो म्हणालो होतो, पण राहवलं नाही. तू अव्वाचे पाय धरलेस. ती म्हणाली, "यारवा नी? कोण गं तू?" तू सगळा जोर लावून म्हणालीस, "अव्वा, मी जगदेवी." तो आवाज ऐकून मी भिंतीकडे तोंड केलं. सुक्या पाचोळ्यावरून कुणीतरी चालावं तसा तो आवाज. अव्वानं तुझा हात चाचपला. म्हणाली, "राबलेला हात हाय. माझ्या जगदेवीचा हात लोण्यासारखा. बाई गं, डोळं गेल्यात माझं, कान न्हाईत. म्हातारीची थट्टा करू नगं." आणि रडायला लागली. तू पुन्हा एकदा तोंड उघडलंस, आणि मग मिटलंस. त्यानंतर तू तिच्यापुढे एक शब्द काढला नाहीस.

मी आणि सुंदरम्मा, आम्ही दोघांनीही सांगून बघितलं. तू चुलीपाशी असताना मी अव्वासमोर गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून शपथ घेतली. ती म्हणाली, "तू तर मला तबकडीतबी जगदेवी दाखवली होतीस."

तू पुढे काय केलंस ते सगळं मी बघितलं आहे. तिचं डोकं धुतलंस, नखं कापलीस, भाकरी दुधात कुस्करून भरवलीस. घरात कामाला ठेवलेली बाई करेल तसं केलंस आणि तसंच मान खाली घालून वावरलीस. माझ्याशीही बोलली नाहीस, पाटीवरसुद्धा काही लिहिलं नाहीस. मला वाटत होतं, तू मला शिव्या लिहाव्यास. पाटी भरून लिहाव्यास.

आता तू गेल्यानंतरचं सांगतो. दुसऱ्या दिवशी सुंदरम्मा भरवायला बसली तर अव्वानं तोंड फिरवलं. "ती बाई कुटं गेली?" म्हणाली. "तिचा हात लई हलका. डोकं धुतलं तर डोळ्यात एक थेंब गेला न्हाई. बोलत न्हाई बिचारी, मुकी हाय काय? पण लई मायेची हाय. गुरुसिद्धा, तिला परत बोलाव. काय पगार घ्यायचा त्यो घेऊ दे." तुझ्या हातानं जेवायला लागल्यापासून ती तू मेलीस असंही म्हणत नाही. का ते मला कळत नाही. पोटात अन्न गेलं की माणसाला धीर येत असेल.

काल मला जवळ बोलावून म्हणाली, "जगदेवीला पत्र घाल. म्हणावं, सासरी सुखानं ऱ्हा, म्हातारीसाठी गाडीत बसून हाल करून घेऊ नगं. मला चांगली बाई गावलीया म्हणावं. तुझ्यावाचून माझं अडत न्हाई आता."

तिचा निरोप होता म्हणून लिहिला. तो तुझा निरोप आहे, मी लपवला तर पुन्हा तेच केलं असं होईल. मी मेलो असतो तर बरं झालं असतं, जगदेवी, असं रोज वाटतं, आणि रोज जेवतो आणि दुकानात जातो.

दाजींना मी वेगळं लिहिलं आहे. त्यांच्या पायावर डोकं ठेवल्यासारखं लिहिलं आहे. तुला पाठवतील तर महिनाभर ये. मी समोर येणार नाही. वैद्य म्हणतात, अव्वाचा दिवाळीपर्यंत भरवसा नाही. तू आलीस तर ती जेवेल. तुझ्या हाताशिवाय ती घास घेत नाही, आणि तो हात तुझा आहे हे तिला आम्ही कुणी पटवू शकत नाही.

आज सकाळी तिनं विचारलं, "त्या बाईचं नाव काय रे? हाक मारायला नाव तर पाहिजे की." मी म्हणालो, विचारून सांगतो. काय सांगू ते कळव.

गुरुसिद्धप्पा